ज्यूद्वेषाचा कायदा : कृत्य पकडा, मत नको

महोदय,

अमेरिकेतली विद्यापीठं आणि ज्यूद्वेष या विषयावर आपल्या दैनिकात आलेला लेख आणि त्यानंतर छापून आलेली दोन पत्रं वाचली. एका पत्रलेखकाचं म्हणणं असं की, ज्यूद्वेषाची व्याख्या कायद्यात आली की इस्रायलविरुद्ध ब्रही काढता येणार नाही, तेव्हा असली व्याख्याच नको. दुसऱ्यांच्या मते व्याख्येला विरोध करणाऱ्याच्या पोटातच पाप असतं. मला दोन्ही पटलं नाही. कोल्हापूरच्या कोर्टात ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना साहाय्य करणं हे माझं मुख्य काम आहे. भेदभावाची व्याख्या कागदावर कशी उतरली यावर समोरच्या माणसाचं नशीब कसं फिरतं हे मी रोज बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यूद्वेष हा बागुलबुवा नाही, हे आधी स्पष्ट सांगते. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेला जमलेल्या ११ जणांना एका माणसाने गोळ्या घातल्या. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, ज्यूंच्या सर्वांत पवित्र उपासाच्या दिवशी, इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या सिनेगॉगवर हल्ला होऊन दोघांचे जीव गेले. आणि लांब कशाला जायचं, २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत आलेल्या अतिरेक्यांनी ताज, ओबेरॉय, सीएसटीबरोबर कुलाब्याच्या गल्लीतलं नरिमन हाऊस शोधून काढलं, ते तिथे ज्यू राहतात म्हणूनच.

आपल्याकडे हा द्वेष फारसा नाही, पण अज्ञान भरपूर आहे. रॉथ्सचाइल्ड हे युरोपातलं जुनं ज्यू सावकारी घराणं. माझ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रॉथ्सचाइल्ड घराणं जगातल्या सगळ्या बँका चालवतं' हा संदेश दर काही महिन्यांनी येतो आणि शिकलीसवरलेली माणसं त्याला हात जोडलेल्या चित्राने दाद देतात. ज्यू मंडळी गुपचूप जगावर राज्य करतात ही थाप एका बनावट दस्तऐवजातून जगभर पसरली. तो १९०३ साली रशियात छापला गेला आणि १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने तो उघडा पाडला. शंभर वर्षं उलटली तरी ती थाप मराठीत सुखाने फिरते आहे. शिस्तीच्या मुख्याध्यापकाला 'हिटलर' म्हणणं आपल्याला कौतुकाचं वाटतं. २००६ साली खारघरला हिटलरच्या नावाने चक्क उपाहारगृह उघडलं होतं. मुंबईतल्या ज्यू मंडळींनी आक्षेप घेतल्यावर नाव बदललं. या अज्ञानावर उपाय शाळेत आणि वर्तमानपत्रात व्हायला हवा, फौजदारी कोर्टात नव्हे. पण तोच माणूस उद्या मुलाखत घ्यायला बसला आणि उमेदवार ज्यू आहे म्हणून त्याने त्याला नाकारलं, तर मात्र कायदा लागतो.

आता व्याख्येबद्दल. सध्या सगळा वाद ज्या मजकुरावरून चालू आहे तो आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट (नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड) स्मृती आघाडीने २६ मे २०१६ रोजी बुखारेस्टच्या बैठकीत स्वीकारला. मूळ व्याख्या दोन वाक्यांची आहे आणि खरं सांगायचं तर मोघम आहे. ज्यूंविषयीची 'एक विशिष्ट धारणा', जी त्यांच्याबद्दलच्या द्वेषातून व्यक्त होऊ शकते, अशी तिची सुरुवात आहे. कोर्टात मी असं वाक्य वाचलं तर न्यायाधीश चष्म्यावरून बघतील. तिच्यापुढे ११ उदाहरणं जोडलेली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत इस्रायलचा उल्लेख आहे. 'ही कायद्याने बंधनकारक नसलेली कामचलाऊ व्याख्या आहे' असं त्या कागदावरच लिहिलंय. इतर कुठल्याही देशावर होते तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नाही, हेही लिहिलंय.

या मजकुराचा मूळ आराखडा त्याआधीचा. युरोपातली ज्यूविरोधी कृत्यं मोजणाऱ्यांना देशोदेशीची आकडेवारी एका मापात गोळा करता यावी म्हणून तो २००४-०५ च्या सुमारास तयार झाला. त्याचे प्रमुख मसुदाकार केनेथ स्टर्न हे अमेरिकी वकील आहेत, स्वतः ज्यू आहेत, आयुष्यभर ज्यूद्वेषाविरुद्ध लढलेले आहेत. त्याच स्टर्न यांनी २०१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन सांगितलं की, आमची व्याख्या विद्यापीठांतल्या भाषणावर कायदा म्हणून चालवू नका. मोजणीसाठी केलेलं माप शिक्षेसाठी वापरू नका, असं मसुदाकारच सांगतो आहे. त्याचं ऐकायला नको का?

अमेरिकेला व्याख्येची गरज का पडली, हे आपल्या वाचकांनी समजून घेतलं पाहिजे. तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. या यादीत धर्म नाही. मग ज्यू विद्यार्थ्याने दाद कशी मागायची? ज्यू असणं हा नुसता धर्म नाही, ते कुळही आहे, असा अर्थ २००४ पासून तिथल्या शिक्षण खात्याने लावला. शीख आणि मुसलमान विद्यार्थ्यांनाही त्याच अर्थाने संरक्षण मिळालं. पुढे ११ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हुकूम काढला की, या प्रकरणाखालच्या तक्रारी तपासताना बुखारेस्टची व्याख्या विचारात घ्या, आणि हेतूचा पुरावा म्हणून तिची उदाहरणंही बघा. मे २०२४ मध्ये ती थेट कायद्यात आणणारं विधेयक प्रतिनिधीगृहाने ३२० विरुद्ध ९१ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडलं.

इंग्लंडची वाट वेगळी होती आणि तिच्यात आपला माणूस आहे. बर्मिंगहॅमच्या एका शाळेने पगडी घालणाऱ्या शीख मुलाला प्रवेश नाकारला. १९७६ च्या तिथल्या कायद्यात धर्माचा उल्लेख नव्हता, म्हणून शीख ही 'वांशिक' जमात आहे का हा प्रश्न हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. १९८३ मध्ये लॉर्ड्सनी निकाल दिला : दीर्घ सामायिक इतिहास आहे, स्वतःची सांस्कृतिक परंपरा आहे, तेव्हा होय. ही कसोटी ज्यूंनाही लागू पडते. कोणाला संरक्षण आहे एवढंच त्या निकालाने ठरवलं, कोणी कोणतं मत बाळगावं याच्या वाटेला तो गेला नाही. मला ही पद्धत फार भावते.

आता माझ्या रोजच्या कामातलं सांगते. एका सहकारी संस्थेतला कारकून माझ्याकडे आला होता. बढतीच्या यादीत त्याचं नाव लागलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या चहाच्या कपाच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका दिसायला लागला. नेलपेंटचा असावा. शिपाई सगळ्यांचे कप एका ट्रेमध्ये आणायचा, ठिपक्याचा कप त्याच्यापुढे ठेवायचा, नंतर वेगळा विसळायचा. कोणी जातीचा शब्द काढला नाही. 'तुम्ही लोक', 'सरकारचे जावई' एवढंच अधूनमधून कानावर यायचं. तो मला म्हणाला, "मॅडम, बोललं कोण काहीच न्हाई ओ. कप तेवढा वेगळा ठिवला." पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवताना पहिला प्रश्न आला, नेमका कोणता जातिवाचक शब्द वापरला? शब्द सांग, मग गुन्हा लिहितो. कोर्टात बचाव पक्ष म्हणाला, ठिपका आरोग्यासाठी होता, साहेबांना सर्दी होती!

कायद्यात नुसती शब्दांची यादी असती तर हा माणूस रिकाम्या हाताने घरी गेला असता. पण १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात, विशेषतः २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, कृत्यांची यादी आहे : चपलांचा हार घालणं, मुंडण करणं, मिशा काढणं, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं. अपमान गुन्हा ठरतो तो लोकांच्या नजरेसमोर झाला असेल तर, आणि या 'पब्लिक व्ह्यू'वरून किती खटले पडलेत हे मलाच ठाऊक. तरीही पाया कृत्याचा आहे. कप वेगळा काढणं हे कृत्य. 'सरकारचे जावई' हा त्यामागच्या हेतूचा पुरावा. दोन्हींची जागा वेगळी आहे आणि ती वेगळीच राहिली पाहिजे. आरक्षणाविरुद्ध भाषण करणारा प्रत्येक माणूस माझ्या लेखी चूक आहे, पण त्या भाषणासाठी त्याच्यावर ॲट्रॉसिटी लावा असं मी कधी म्हणणार नाही. त्याच माणसाने हाताखालच्या कर्मचाऱ्याला जातीवरून बाजूला बसवलं, तर ते भाषण मी पुराव्यात जरूर वाचीन.

ज्यूद्वेषाच्या कायद्यातही हीच रेघ ओढली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे. व्याख्येतली उदाहरणं हेतू तपासायला कोर्टापुढे येऊ देत. ती स्वतःच गुन्हा होता कामा नयेत. इस्रायलच्या आजच्या धोरणाची नाझींशी तुलना, हे त्या ११ उदाहरणांतलं एक. मला ती तुलना क्रूर वाटते. ज्यांच्या घरातली माणसं गॅसच्या कोठड्यांत गेली त्यांच्या जखमेवर मीठ चोळणारी वाटते. पण एखाद्या विद्यार्थ्याने ती निबंधात लिहिली म्हणून विद्यापीठाने त्याच्यावर भेदभावाची कारवाई करावी, हे कायद्याचं काम नाही. कोलंबिया विद्यापीठाने जुलै २०२५ मध्ये ही व्याख्या आपल्या शिस्तीच्या कामकाजात घेतली, तेव्हा तिथले निवृत्त इतिहासकार रशीद खालिदी यांनी आपला ठरलेला अभ्यासक्रम शिकवणं रद्द केलं. या व्याख्येच्या सावलीत तो इतिहास प्रामाणिकपणे शिकवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हार्वर्डचा दोन अब्ज डॉलरहून जास्त निधी ज्यूद्वेषाचं कारण देऊन अडवला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संघीय न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी ते बेकायदा ठरवलं. खऱ्या दुखण्याचं नाव दुसऱ्याच कामाला वापरलं जातं तेव्हा ज्याचं दुखणं असतं त्याचंच नुकसान होतं. खोट्या ॲट्रॉसिटीच्या गावगप्पांनी माझ्या खऱ्या फिर्यादींची काय दशा होते ते मी जाणते.

म्हणून व्याख्या नको म्हणणाऱ्या पत्रलेखकालाही विचारते, त्यापायी कायदाच नको म्हणायचं का? मग याचं काय? २०२४ च्या वसंतात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आंदोलकांचा तळ पडला होता. आपण ज्यू आहोत आणि इस्रायलशी असलेलं आपलं नातं नाकारायला तयार नाही, म्हणून आपल्याला आवाराच्या काही भागांत जाऊ दिलं नाही, अशी तक्रार घेऊन काही विद्यार्थी कोर्टात गेले. ऑगस्टमध्ये न्यायाधीश मार्क स्कार्सी यांनी विद्यापीठाला मनाई हुकूम दिला : ज्यू विद्यार्थ्यांना वगळलं जात असेल तर तो कार्यक्रम, ती जागा तुम्ही इतरांसाठीही चालू ठेवू शकत नाही. तो आदेश धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर उभा होता. वाट अडवणं हे कृत्य, ते पकडलं गेलं. तळावरच्या लोकांनी गाझाबद्दल काय घोषणा दिल्या, हा प्रश्न त्यासाठी सोडवावा लागला नाही.

व्याख्येचे विरोधकही रिकाम्या हाताने बोलत नाहीत हे मला महत्त्वाचं वाटतं. मार्च २०२१ मध्ये सुमारे २०० अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा काढला, त्यांत कितीतरी ज्यू विद्वान होते. ज्यूंविरुद्ध ते ज्यू आहेत म्हणून केलेला भेदभाव, पूर्वग्रह, शत्रुत्व किंवा हिंसा, अशी त्याची व्याख्या आहे. इस्रायलच्या प्रश्नावर हा जाहीरनामा आणि बुखारेस्टचा मजकूर पुष्कळदा विरुद्ध दिशांना जातात. पण एका ठिकाणी दोघांचं बोट एकाच जागी पडतं : इस्रायल सरकारच्या कृत्यांसाठी जगभरच्या ज्यूंना सामूहिक जबाबदार धरणं हा ज्यूद्वेष आहे. कायद्याने इथून सुरुवात करावी. नोकरीत, शाळेत, घरभाड्यात, दुकानात या माणसाला त्याच्या जन्मावरून जाब विचारला गेला का? आधी तुझ्या त्या देशाचा निषेध कर, मग आत ये, असं म्हटलं गेलं का? म्हटलं गेलं असेल तर तो भेदभाव, मग समोरचा किती का पुरोगामी असेना. आपल्याकडच्या मुसलमान भाडेकरूला पाकिस्तानवरून विचारला जाणारा प्रश्न याच जातीचा आहे.

कायद्याने ज्यू कोण हे ठरवायला मात्र बसू नये. ते काम एकदा १९३५ साली न्युरेंबर्गच्या कायद्यांनी केलं आहे. आजी-आजोबांपैकी किती ज्यू हे मोजून माणसांचे तक्ते केले गेले आणि पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. आपल्या कोकणच्या ज्यूंना, म्हणजे बेने इस्रायलींनाही व्याख्येचा चटका बसलेला आहे. रायगडच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी म्हणून 'शनिवार तेली' म्हटली गेलेली, गावांवरून आडनावं घेतलेली ही मराठी माणसं मोठ्या आशेने इस्रायलला गेली. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं की, लग्न नोंदवण्याआधी या लोकांच्या आईकडच्या पिढ्या तपासा. आपल्याच देशात, आपल्याच माणसांकडून! त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि १९६४ मध्ये तो भेद मागे घ्यायला लावला.

माझी आई इथल्या सीपीआर रुग्णालयात नोकरीला होती तेव्हा तिच्याबरोबर याच समाजातल्या एक सिस्टर होत्या. सुंदर मराठी बोलायच्या, पुरणपोळी आईपेक्षा चांगली करायच्या. बदलीवर आल्यावर त्यांना शहरात खोली मिळेना. एका घरमालकाने आगाऊ रक्कम घेतली आणि कागदावर वडिलांचं, बायबलच्या जुन्या करारातलं नाव वाचून ती परत दिली, कारण त्यांना ते नाव मुसलमानी वाटलं. आता यात भेदभाव कोणाशी झाला? बाई मुसलमान नव्हत्या आणि ज्यू म्हणून त्यांना कोणी नाकारलंही नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात याचं उत्तर आहे : समोरच्याने तुम्हाला जे समजून वागवलं त्यावरून तक्रार चालते, त्याचा समज चुकीचा असला तरी. बाधिताने स्वतःचं कुळ सिद्ध करत बसायचं नाही. ज्यूद्वेषाच्या कुठल्याही कायद्यात हे कलम मला सगळ्यात आधी दिसायला हवं.

आपल्या घटनाकारांनी हा पेच फार शहाणपणाने हाताळला आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आजच्या सतराव्या कलमावर चर्चा चालू असताना नझिरुद्दीन अहमद यांनी नेमकेपणा आणणारी दुरुस्ती सुचवली आणि के. टी. शहा यांनी अस्पृश्यतेची व्याख्याच नाही याकडे लक्ष वेधलं. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती स्वीकारली नाही. व्याख्या न करता अस्पृश्यता नष्ट केल्याचं जाहीर झालं आणि तिचं पालन गुन्हा ठरलं. पुढे कृत्यांची यादी १९५५ च्या कायद्यात आली : देवळात, पाणवठ्यावर, दुकानात, दवाखान्यात अडवणं. कोल्हापूरला तर ही पद्धत नवीन नव्हती. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ मध्येच हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अशी ठिकाणं नावानिशी सांगितली आणि तिथे शिवाशिव पाळायची नाही असं बजावलं. कोणाच्या मनात काय आहे याची चौकशी महाराजांनी आरंभली नाही. पाणवठ्यावर काय होतं ते बघितलं.

आता शेवटचं, जे या वादात आपल्याकडे कोणी बोलत नाही. अमेरिका-ब्रिटनला व्याख्येवर भांडता येतं कारण त्यांच्याकडे भेदभावविरोधी कायदा आहे. भारतात खासगी नोकरी आणि खासगी घरभाडं यांना लागू होणारा, सगळ्यांसाठीचा असा एकही सर्वंकष कायदा नाही. राज्यघटनेचं पंधरावं कलम दुकान, उपाहारगृह, विहीर, रस्ता यांपर्यंत पोचतं, भाड्याच्या खोलीपर्यंत नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवण्याची मुभा दिली. शशी थरूर यांनी भेदभावविरोधी आणि समानता विधेयक लोकसभेत खासगी विधेयक म्हणून मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या सिस्टरना आज कोल्हापुरात खोली नाकारली तर त्यांच्या बाजूने मी कोणत्या कलमाखाली अर्ज करू, हे मला सांगता येत नाही. त्याच घरमालकाने मुसलमान, बौद्ध किंवा ईशान्येकडच्या मुलीला नाकारलं तरी बहुतेक वेळा तीच स्थिती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दोन्ही खासदारांनी हे विधेयक पुन्हा मांडण्यासाठी पुढाकार घ्यावा, आणि त्यात घरभाडं, खासगी नोकरी व 'समज करून घेऊन केलेला भेदभाव' ही तीन कलमं असावीत, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी मागणी आहे. मसुद्यासाठी लागेल तेवढा वेळ मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला द्यायला तयार आहोत.

माझे काही खटले सुनावणीला आहेत, त्यामुळे नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वकील, राजारामपुरी, कोल्हापूर